साहेब, लाइन थांबली तर?

चाकणच्या एका वाहन-सुटेभाग कंपनीच्या एचआर प्रमुखांनी मला बोलावलं तेव्हा मागणी सरळ होती. "मॅडम, आमच्या प्लांट हेडचा राग तेवढा कमी करून द्या." ३६०-डिग्री फीडबॅकमध्ये, म्हणजे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून घेतलेल्या अभिप्रायात, एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली होती, की सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये साहेब माणसांना फाडून खातात. दोन चांगले मॅनेजर सोडून गेले होते, तिसरा जायच्या बेतात होता. तरीही साहेब कंपनीला हवेच होते. तो प्लांट त्यांनीच शून्यातून उभा केला होता.

मी मूळची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, रुग्णालयातलं काम करून मग कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या कोचिंगकडे वळलेली. त्यामुळे पहिलं सत्र ठरण्याआधी मी कराराचा आग्रह धरते. इथे पैसे एक जण देतो, बोलतो दुसराच, आणि कोच आपल्या पाठीमागे कंपनीशी काय ठरवून आली असेल, ही शंका बोलणाऱ्याच्या मनात असतेच. ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस या मानसोपचाराच्या परंपरेतल्या फनिता इंग्लिश यांनी १९७५ मध्ये या त्रिकोणी कराराबद्दल लिहून ठेवलंय. माझ्या मते कोचिंगमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावं, बाकीचं नंतर. आम्ही तिघांनी एकत्र बसून लिहून काढलं: उद्दिष्टं काय आहेत आणि सत्रं होतायत की नाहीत, एवढंच कंपनीला कळेल. आत काय बोललं गेलं ते कळणार नाही. अपवाद एकच, जिवाला तातडीचा धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, पण तेव्हाही आधी साहेबांशीच बोलेन. साहेबांनी कागद वाचला आणि सही केली.

(हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

त्या दिवशी मी सकाळच्या मीटिंगला एका बाजूला उभी होते. शॉप फ्लोअरवरच बोर्डासमोर सगळे उभे. क्वालिटी मॅनेजरने सांगितलं, रात्रपाळीत एका ब्रॅकेटचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मापापेक्षा मोठा निघालाय, लॉट होल्डवर ठेवलाय, पुढे पाठवलेला नाही.

"कधी कळलं?"

"रात्री दोनला, सर."

"आणि मला आत्ता सांगताय?"

पुढचं लिहीत नाही. आवाज प्रेस शॉपपर्यंत गेला असेल. मी साहेबांकडे कमी आणि बाकीच्यांकडे जास्त बघत होते. सगळ्यांनी माना डायरीत घातल्या होत्या. मेंटेनन्सचा एक इंजिनिअर बोलायला पुढे सरकला होता, तो पुन्हा मागच्या रांगेत गेला. मीटिंग संपेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. मी ते वहीत टिपून ठेवलं.

तासाभराने आम्ही त्यांच्या केबिनमध्ये बसलो. ते अजून धुमसत होते. "तुम्ही बघितलंत ना? ओरडल्याशिवाय इथे काही हलत नाही."

इथे वाद घालायचा नसतो. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही पद्धत दारूच्या व्यसनावरच्या उपचारांतून आली. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. तिचं म्हणणं असं की बदलाच्या बाजूचं बोलणं आपण सुरू केलं, की समोरचा आपोआप विरुद्ध बाजू लढवायला लागतो. ते बोलणं त्याच्याच तोंडून यायला हवं. म्हणून मी म्हटलं, "बरं, ओरडण्याचे फायदे सांगा. सगळे."

त्यांनी मनापासून सांगितले. काम लगेच हलतं. लोक सावध राहतात. डोक्यावरचं ओझं उतरतं. मी ते सगळे लिहून घेतले, कारण ते खरे होते. मग विचारलं, "मेंटेनन्सच्या त्या मुलाला काय सांगायचं होतं?"

त्यांना तो आठवेना. तो कुठे उभा होता ते मी सांगितलं. त्यांनी फोन उचलला, स्पीकरवर टाकला. तो मुलगा आधी "काही नाही सर" म्हणाला. साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "बोल रे." मग कळलं, त्याच मशीनच्या स्पिंडलच्या बेअरिंगचा आवाज त्याला दोन दिवसांपूर्वीच वेगळा वाटला होता. बोअर मोठा येण्याचं कारण तिथेच असावं, असा त्याचा अंदाज होता.

साहेबांनी फोन ठेवला. बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "म्हणजे मला वाईट बातमी सगळ्यात शेवटी कळते." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं असतं तर त्यांनी ते दोन मिनिटांत मोडून काढलं असतं.

आता रकान्यांचा कोरा तक्ता पुढे घ्यायला हरकत नव्हती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकांना परकी नाही. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली. खुद्द एलिस यांनी १९७२ मध्ये ही पद्धत उद्योगातल्या अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या पुस्तकात मांडली होती, म्हणजे हा उपयोग काही नवा नाही. मांडणी साधी आहे. 'ए' म्हणजे घडलेली घटना, 'सी' म्हणजे आपल्या भावना आणि वागणं, आणि या दोन्हींच्या मध्ये 'बी', म्हणजे त्या घटनेबद्दलची आपली धारणा. राग येतो तो 'बी'मधून.

'ए' आणि 'सी' त्यांनी झरझर भरले. 'बी'च्या रकान्यात लिहिलं, "लोक बेजबाबदार आहेत." धारणा सहसा इतक्या वर सापडत नाही. मी खाली उतरत गेले.

"समजा, ते बेजबाबदार आहेत. मग काय होईल?"

"लाइन थांबेल. आपली नाही, कस्टमरची."

"थांबली तर?"

"डेबिट नोट येईल, नुकसान आपल्याकडून वसूल करतील. त्यांचे लोक इथे येऊन बसतील."

"आले तर?"

"मॅडम, मी डिप्लोमावाला. टूलरूममधून वर आलोय. माझ्या हाताखाली आयआयटीचे आहेत. लाइन थांबली की सगळ्यांना कळेल, हा या खुर्चीच्या लायकीचा नव्हता."

मग, मी काही न विचारता, "बाबा लालबागला गिरणीत होते. ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा मी चौथीत. गिरणी परत सुरू झालीच नाही. मशीन थांबलं की माणूस संपतो, हे मी बघितलंय."

उपचाराच्या खोलीत असते तर मी इथे थांबले असते, कदाचित पुढचे काही आठवडे इथेच राहिले असते. या केबिनमध्ये मला ती मुभा नव्हती. करार राग आणि टीमबद्दल होता. दाराबाहेर त्यांची सेक्रेटरी, आणि पुढच्या तासाला त्यांना कस्टमरशी बोलायचं होतं. माणसाला उघडं करून तसंच कामावर पाठवणं मला क्रूर वाटतं. शिवाय एलिस यांचं म्हणणं मला पटतं: धारणा लहानपणी कुठून आली हे कळणं चांगलंच, पण ती टिकते ती आपण आजही ती स्वतःला ऐकवत राहतो म्हणून. आजचं वाक्य हाताशी होतं. मी म्हटलं, "बाबांबद्दल तुम्ही सांगितलंत, ते मोठं आहे. त्याला सावकाश वेळ द्यायला हवा, आणि त्यासाठी ही जागा नव्हे. आत्ता एवढंच बघू या. लाइन थांबू नये असं तुम्हाला वाटतं, ते योग्यच आहे. पण ती थांबताच कामा नये, आणि थांबली तर मी नालायक, हे कोणी ठरवलं?"

ते विचार करत होते. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. नाशिक रोडने गाडी चालवताना कधी कधी वाटतं, एखादा ट्रक येऊन धडकला तर बरं. दोन महिने हॉस्पिटलात पडता तरी येईल."

माझी रुग्णालयातली वर्षं कामाला आली ती इथे. असं वाक्य बैठकांत हसण्यावारी जातं. मी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यावा असा विचार येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मी घाबरत नाही, हे समोरच्याला माझ्या आवाजातून कळावं लागतं.

"नाही, मरायचं नाहीये. मुलगी बारावीत आहे. थांबायचंय फक्त."

हा ट्रकचा विचार किती वेळा येतो, काही ठरवलंय का, कधी तसा प्रयत्न केलाय का, दारू किती, भूक कशी, हे सगळं विचारलं. पीएचक्यू-९ ही नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची चाचणी तिथेच भरून घेतली. २७ पैकी आलेला आकडा बऱ्यापैकी तीव्र नैराश्याकडे बोट दाखवत होता. तातडीचा धोका दिसला नाही, पण हे राग कमी करण्याचं प्रकरण उरलं नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं, "तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं, याच आठवड्यात. ते मी करायचं नाही. तुमची कोच म्हणून मी वेगळी, उपचार करणारे वेगळे."

ते एकदम सावरून बसले. "आता हे तुम्ही कंपनीला सांगणार."

"नाही. कागदावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंय."

त्यांच्यासमोर, त्यांच्या संमतीने, त्यांच्या पत्नीला फोन केला. दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट मिळाली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये घातला. त्या संध्याकाळी गाडी ड्रायव्हरने चालवायची, असं ठरलं. मी जाताना एचआर प्रमुख लिफ्टपाशी भेटले. "आज बराच वेळ बसलात. काय म्हणाले?" मी म्हटलं, "सत्र ठरल्याप्रमाणे झालं." त्यांना ते आवडलं नाही. पण त्यांनी पुढे विचारलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोच म्हणवून घ्यायला काहीच लागत नाही. अधिकाऱ्याच्या वागण्याच्या तक्रारीखाली आजार असू शकतो आणि प्रशिक्षण नसलेल्या कोचला तो दिसतच नाही, असा इशारा स्टीव्हन बर्ग्लास या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्येच दिला होता. साहेबांना मी येण्याआधी वेळेच्या नियोजनाचं एक शिबिर करून आणलं होतं. पहाटे तीनला जागा होणाऱ्या माणसाला कोणीतरी कामांची यादी लिहायला शिकवलं होतं. हे आठवलं की मला अजून संताप येतो.

उपचार सुरू झाले. आमची सत्रं काही आठवडे थांबवली, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू केली, फक्त मीटिंगपुरती. साहेब रोज एक 'ए-बी-सी' तक्ता भरायचे. पहिल्या तक्त्यांत 'बी'च्या रकान्यात दुसऱ्यांची नावं असायची, हळूहळू तिथे "मला" यायला लागलं. सकाळी बोर्डासमोर पहिला प्रश्न ठरवला: "काय अडलंय?" उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. चिडायला मनाई नव्हती. एकदा ते चिडलेही, आणि चिडून ते उशिराच्या डिस्पॅचबद्दलच बोलले, माणसाबद्दल नाही. रात्री लॉट होल्ड झाला तर तेव्हाच फोन यायला लागले.

शेवटच्या आढाव्याच्या आधी ते कोऱ्या तक्त्यांची एक थप्पी झेरॉक्स करून घेऊन आले. त्यांना ते आपल्या शिफ्ट मॅनेजरांकडून भरून घ्यायचे होते.

मी थप्पी परत दिली. "तुम्ही त्यांचं अप्रेझल लिहिता, साहेब. त्यांच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला लिहून द्यायला लावू नका."

"मग त्यांच्यासाठी मी काय करू?"

"ज्याला हवं असेल त्याला बाहेरचा माणूस मिळेल, आणि त्याचं बोलणं तुमच्यापर्यंत येणार नाही, अशी सोय कंपनीकडून करून घ्या."

त्यांनी ते आढाव्यात स्वतःच मांडलं. खर्च कोणत्या खात्यात टाकायचा यावर एचआर आणि फायनान्सची चर्चा सुरू झाली, तेव्हा मी तिथून निघाले.