शेवग्यावरचं पिल्लू

पावसाळ्यात पक्षी-बचावाच्या कामाला उसंत नसते. आषाढात एका सकाळी कोथरूडच्या एका सोसायटीतून फोन आला. काकू घाबरलेल्या होत्या. "अहो दादा, शेवग्यावर शिक्र्याचं पिल्लू बसलंय आणि सातभाईंनी त्याला घेरलंय. जीव घेतील हो त्याचा! पिंजरा घेऊन या."

"काकू, फोन जरा खिडकीबाहेर धरता?"

सातभाईंची, म्हणजे थव्यानं हिंडणाऱ्या त्या पक्ष्यांची, कलकल ऐकू आली, पण ती भांडणाची नव्हती. शिक्रा हा शिकारी पक्षी; तो दिसला की सातभाई चवताळून ओरडतात, खारी चिरकायला लागतात. इथे कलकलीत मधूनमधून घासल्यासारखं 'की-की, की-की' येत होतं. शिक्र्याची दोन सुरांची तीक्ष्ण हाक ती नव्हेच. मी पिंजरा ठेवून दिला आणि दुर्बीण घेऊन निघालो.

पिल्लू पाहिल्यावर काकूंना शिक्रा का वाटला ते कळलं. तपकिरी पाठ, छातीवर गडद फराटे, शेपटीवर आडवे पट्टे. नुसत्या रंगावर जाल तर फसालच. चोच मात्र बारीक, शिक्र्यासारखी आकड्यागत वळलेली नाही. आणि ते करत काय होतं? पंख अर्धवट पसरून थरथरवत, चोच वासून खायला मागत होतं! एक सातभाई अळी घेऊन आला, त्या उघड्या घशात कोंबली आणि उडाला. थोड्या वेळानं पुन्हा हजर. भरवणारा लहान, खाणारा मोठा.

ते पावशाचं पिल्लू होतं. पेरणीच्या दिवसांत 'पेरते व्हा' म्हणत टेकडी दणाणून सोडतो, तोच पावशा. तो घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते. पिल्लू उडायला लागलं तरी थव्यामागून ओरडत हिंडतं आणि सातभाई त्याला पोसत राहतात. हे वाचलेलं होतं. इतक्या जवळून पाहताना अंगावर काटा आला.

काकूंना दुर्बीण दिली. बराच वेळ त्यांनी ती डोळ्यांवरून काढलीच नाही. मग म्हणाल्या, "किती माया करतात हो!"

तेवढ्यात माझं लक्ष शेवग्याच्या खोडाकडे गेलं. केसाळ सुरवंटांचे पुंजके बसले होते आणि दुपारी माळी औषध मारणार होता. असले सुरवंट पावशाचं आवडतं खाणं. औषध लागलेला एखादा या पिल्लाच्याही पोटात जाऊ शकला असता. काकूंना सांगितलं, तर त्यांनी तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला. "पिल्लू उडून जाईपर्यंत शेवग्यावर फवारणी नाही म्हणजे नाही. सुरवंटांचं मी बघते."