नागपूरच्या ऋतूंना पुरून उरणारे फर्निचर

फर्निचर निवडण्याच्या बहुतेक चर्चा रंगापासून आणि छायाचित्रांपासून सुरू होतात. नागपुरात राहणाऱ्या माणसाने मात्र ही चर्चा हवामानापासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या दुकानात वातानुकूलन दिवसभर चालू असते आणि तिथे मांडलेले जेवणाचे टेबल जवळजवळ एकाच तापमानात, एकाच आर्द्रतेत उभे असते. तेच टेबल आपल्या घरी आले की त्याला मे महिन्याचे कोरडे ऊन, होळीच्या सुमारास सुरू होणारा कूलर, जूनच्या मध्यानंतरचा पाऊस आणि हिवाळ्यातली कोरडी थंडी असे सगळे एकाच वर्षात सोसावे लागते. या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि उन्हाळ्याच्या झळा सोसलेल्या याच घरांच्या भिंतींना श्रावणात ओल सुटते. मी गेली काही वर्षे आमच्या आणि नातेवाइकांच्या घरांसाठी सामान निवडताना प्रत्येक वस्तूकडे याच नजरेने पाहत आले आहे.

लाकूड कापल्यानंतरही हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते आणि ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या पुढे जाते. या बदलाबरोबर लाकूड फुगते आणि आकसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. तो होतो रुंदीत, आणि त्यातही झाडाच्या वाढीच्या वर्तुळांना समांतर कापलेल्या फळीत वर्तुळांच्या आरपार कापलेल्या फळीच्या जवळपास दुप्पट होतो. साग हे तुलनेने कमी हलणारे लाकूड आहे, तरीही सागाच्या दीड फूट रुंद फळीत उन्हाळा ते पावसाळा चार-पाच मिलिमीटरचा फरक पडू शकतो. इतर अनेक स्वस्त लाकडांत तो याहून जास्त असतो. पावसाळ्यात अडकणारा ड्रॉवर आणि एप्रिलमध्ये टेबलाच्या मधोमध उघडणारी फट ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

म्हणून भरीव लाकडाची वस्तू घेताना मी आधी ती उलटी करून किंवा खाली वाकून पाहते. टेबलाची वरची फळी खालच्या चौकटीला कशी जोडली आहे, हे पाहणे फार महत्त्वाचे असते. फळी चहूबाजूंनी स्क्रू आणि डिंकाने जखडून टाकली असेल, तर तिला आकसायला जागाच राहत नाही आणि शेवटी ती तडकते. जाणता मिस्त्री स्क्रूचे छिद्र लांबट ठेवतो, म्हणजे स्क्रू घट्ट राहूनही फळी थोडी सरकू शकते. कपाटाच्या दारातही हेच तत्त्व असते: चौकटीच्या खाचेत बसवलेले पॅनेल डिंकाने चिकटवलेले नसावे, ते खाचेत मोकळे असावे. पॉलिशचीही गोष्ट अशीच आहे. वरचा भाग चकचकीत आणि खालचा भाग कोरा सोडलेला असेल, तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि फळी वाकते. दुकानदाराला हे विचारले की तो पहिल्यांदा थोडा गोंधळतो, पण उत्तरावरून त्याच्या कारागिराची पातळी लगेच कळते.

सागाविषयी थोडे सविस्तर लिहायलाच हवे, कारण आपण सागाच्या दारात राहतो. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर ही नावे लाकडाच्या व्यापारात देशभर ओळखीची आहेत, आणि जुन्या मध्य प्रांताच्या आठवणीने इथला साग आजही बाजारात ‘सीपी टीक’ म्हणून विकला जातो. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेले होते. सागात नैसर्गिक तेल आणि सिलिका असते, त्यामुळे तो पाण्याला आणि वाळवीला चांगला टिकतो. परंतु हा गुण सागाच्या गाभ्याचा आहे. सालीलगतचा फिकट, पांढुरका भाग हाही सागच असला, तरी वाळवी आणि भुंगा त्याला सहज खातात. कमी वयाच्या झाडांच्या लाकडात हा पांढरा भाग अधिक असतो. ‘शंभर टक्के सागवान’ ही पाटी खरी असूनही त्या पलंगाच्या पायात निम्मा भाग पांढरा असू शकतो, आणि मग पैसे सागाचे आणि टिकाऊपणा साध्या लाकडाचा अशी गत होते. गडद डाग देऊन हा फरक झाकता येतो, म्हणून शक्य असेल तर पॉलिश होण्यापूर्वी लाकूड पाहावे. नागपूरच्या लकडगंज या लाकूडबाजारातून लाकूड घेणार असाल, तर घनफुटाचा भाव विचारण्याआधी ते किती वाळलेले आहे ते विचारावे, ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र आहे का ते पाहावे आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेले लाकूड घरात आणू नये. रीतसर बिल आणि सागाच्या बाबतीत वाहतूक परवान्याचा तपशीलही मागून घ्यावा. जंगलातून चोरून तोडलेल्या झाडाचा पलंग आपल्या घरात नसावा, असे मला मनापासून वाटते.

विदर्भात बांबूही विपुल आहे आणि चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. बांबूत पिष्टाचे प्रमाण जास्त असल्याने भुंगा त्याच्या मागे लागतो, म्हणून तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे. तसा असेल, तर बाल्कनीतल्या खुर्चीसाठी बांबूइतके हलके आणि देखणे काही नाही.

प्रत्यक्षात आज बहुतेक घरांत भरीव लाकूड कमी आणि प्लायवूड, ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला), एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा) व पार्टिकल बोर्ड (दाबलेल्या लाकडी कणांचा) जास्त असतात, आणि खरी काळजी इथेच घ्यावी लागते. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते ऋतूप्रमाणे फारसे हलत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. प्रश्न असतो तो डिंकाचा. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) दर्जाचे प्लायवूड दमट हवा सहन करते, साचलेले पाणी नाही. बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) त्याहून बरे असते. आयएस ७१० या भारतीय मानकाचे प्लायवूड मात्र ७२ तास पाण्यात उकळण्याच्या चाचणीत टिकावे लागते. स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट आणि कूलरच्या खिडकीजवळचे कोणतेही फर्निचर यांसाठी मी याच शेवटच्या दर्जाचा आग्रह धरते. झोपण्याच्या खोलीतील आतल्या भिंतीवरच्या कपाटाला एवढा खर्च करण्याची गरज नसते. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो, तो कापण्याआधी स्वतः पाहावा. कडेने पाहिले तर आतल्या थरांतल्या पोकळ्याही दिसतात. सनमायका एकाच बाजूला लावून दुसरी बाजू कोरी ठेवली, तर कपाटाचे दार काही महिन्यांत वाकते, म्हणून आतल्या बाजूलाही पातळ लॅमिनेट लावून घ्यावे.

पार्टिकल बोर्ड स्वस्त पडते आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. परंतु एकदा पाणी शिरले की ते कडेने फुगते आणि त्याला पूर्ववत करता येत नाही. उपसलेला स्क्रू त्याच छिद्रात पुन्हा पकड घेत नाही. शिवाय एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डमधील डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा आरोग्याला अपायकारक वायू हळूहळू बाहेर पडतो आणि उष्णता व दमटपणा वाढला की त्याचे प्रमाण वाढते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारभर दारे-खिडक्या बंद असतात. लहान मुलांच्या खोलीसाठी असे फर्निचर घेत असाल, तर ई-१ (हा वायू कमी सोडणारा) किंवा त्याहून कडक दर्जाचा बोर्ड मागावा, सगळ्या कडांना पट्टी लावून घ्यावी आणि पहिले काही आठवडे खोली भरपूर हवेशीर ठेवावी.

आता कूलरविषयी. वाळ्याच्या ताट्यांचा गंध लाभलेले आपले उन्हाळे कूलरशिवाय निघत नाहीत, पण कूलर खोलीत थंडाव्याबरोबर ओलावाही आणतो. बाहेर हवा रखरखीत कोरडी असताना कूलरच्या झोतासमोरचे कपाट तीन महिने दमट हवेत उभे असते. नकाशावर फर्निचर मांडताना सर्वांत आधी कूलरची खिडकी ठरवावी आणि तिच्या समोर लाकडी कपाट, पुस्तके किंवा गादीचे डोके येणार नाही असे पाहावे. त्यानंतर पश्चिमेची भिंत पाहावी. दुपारभर तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून पलंगाचे डोके तिला लावू नये. तिथे कपाट उभे केले, तर झोपणाऱ्याला त्या झळा लागत नाहीत. मात्र तीच भिंत पावसाचा मारा खाणारी असेल, तर कपाट आणि भिंत यांत दोन-तीन इंचांची फट ठेवणे आवश्यक आहे.

वाळवीच्या बाबतीत नागपूरकरांना नव्याने सांगण्यासारखे काही नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तळमजल्याच्या घरांत वाळवी जोत्याच्या फटींतून वर चढते. म्हणून जमिनीला टेकलेल्या, चहूबाजूंनी बंद फर्निचरपेक्षा सहा इंच उंच पायांचे फर्निचर मला नेहमी योग्य वाटते. त्याखाली झाडू जातो, हवा खेळते आणि वाळवीची मातीची नळी तयार होऊ लागली तर ती वेळेत दिसते. जुन्या महाल भागातील घरांत कपाटे दगडी ठोकळ्यांवर ठेवलेली मी पाहिली आहेत. त्यामागे हाच शहाणपणा होता.

माणसांच्या शरीराचे मोजमाप हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. आमच्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे सोफ्याची निवड त्यांनी बसून आणि स्वतःच्या बळावर उठून दाखवल्याशिवाय आम्ही करत नाही. आजकालचे खोल आणि बुटके सोफे दिसतात सुंदर, पण वयस्क माणसाला त्यांतून उठताना हाताला धरावे लागते. बैठकीची उंची १७ ते १८ इंच, खोली २० ते २१ इंच आणि हात टेकायला भक्कम कठडा एवढे असले, तर बहुतेकांची सोय होते. फोमची घनता विचारावी. ३२ किलो प्रति घनमीटरपेक्षा कमी घनतेचा फोम बैठकीत लवकर दबतो आणि ४० चा बराच काळ साथ देतो. आवरणासाठी मी जाड सुती कापड आणि तेही चेन लावून काढता येणारे निवडते, कारण मे महिन्यात रेग्झिनवर बसणे ही शिक्षा असते आणि उष्णतेने त्याचे पापुद्रेही निघतात. जेवणाच्या टेबलाची उंची २९ ते ३० इंच असते. खुर्चीची बैठक आणि टेबलाचा वरचा भाग यांत ११ ते १२ इंचांचे अंतर आहे की नाही, हे प्रत्यक्ष बसून पाहावे. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत तीन फूट जागा लागते, आणि लहान फ्लॅटमध्ये सहा खुर्च्यांचा मोह इथेच आवरावा लागतो.

पलंगात साठवणीची पेटी असावी, असा सध्याचा सर्वसाधारण कल आहे आणि गाद्या-रजया ठेवायला ती सोयीची आहे. पेटीचा तळ आणि गादीखालचा फळा यांना हवेसाठी छिद्रे पाडून घ्यावीत, अन्यथा पावसाळ्यात रजयांना बुरशीचा वास येतो. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या घरांनी सुती नवारीची घडीची खाट अवश्य ठेवावी. आपल्याकडची जुनी बाज अंगाखालूनही हवा खेळवत असे, आणि उकाड्याच्या रात्री कोणतीही महागडी गादी ते करू शकत नाही. याच संदर्भात एक प्रश्न फर्निचर ठरवतानाच सोडवावा: आठ महिने कूलर कुठे राहणार? त्याची जागा आधी ठरली नाही, तर तो दिवाळीतही बाल्कनीची वाट अडवून बसतो.

पुस्तकांच्या फडताळाबाबत एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक फुटाला सारखाच भार असलेल्या फळीची लांबी दुप्पट केली, तर तिचा झोळ १६ पट होतो. जाडी दुप्पट केली, तर तो आठव्या हिश्शावर येतो. त्यामुळे १८ मिलिमीटर प्लायवूडच्या फळीला अडीच फुटांच्या आत आधार द्यावा. रंगाविषयी माझा फारसा आग्रह नाही. ज्या घरात धूळ रोज येते, तिथे काळ्या चकचकीत पृष्ठभागाची निगा राखणे कष्टाचे असते, एवढे लक्षात घेतले तरी चालते.

तयार फर्निचर घ्यावे की मिस्त्रीकडून घरी करून घ्यावे, याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे असेल. मिस्त्री घरी काम करतो तेव्हा लाकूड, प्लायवूड आणि जोड आपल्या डोळ्यांसमोर असतात, आणि दहा वर्षांनी बिजागरी निखळली तर तोच येऊन दुरुस्त करतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. तयार वस्तूत वेळ वाचतो आणि किंमत आधीच कळते, पण जिना, लिफ्ट आणि दाराची रुंदी मोजल्याशिवाय पैसे भरू नयेत. घरी काम काढायचे असेल, तर ते दिवाळीनंतर सुरू करून होळीपूर्वी संपवावे. पावसाळ्यात जोडलेले लाकूड एप्रिलमध्ये उघडते, मे महिन्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैमध्ये अडकतो, आणि पावसात पॉलिशवर पांढुरकी झाक येते. हिवाळ्यात लाकूड दोन्ही टोकांच्या मधोमध असते, पॉलिश नीट वाळते आणि कूलर लागण्यापूर्वी महिनाभर खोली उघडी ठेवून डिंकाचा व पॉलिशचा वास जाऊ देता येतो. चांगले मिस्त्री या दिवसांत लग्नघरांच्या कामांत गुंतलेले असतात, म्हणून त्यांच्याशी दसऱ्याच्या आधीच बोलून ठेवावे.