सरांचा कॉयर

स्मरणिकेसाठी लिहा असे शाळेचे पत्र आले, तेव्हा वर्ग, निकाल, स्नेहसंमेलन यांपैकी काही आठवण्याआधी मला पायपेटी आठवली. प्रार्थनामंदिराच्या उजव्या कोपऱ्यात ती असे. तिच्या भात्यातून एक बारीक शिट्टी निघे आणि ती कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून सर पहिला स्वर नेहमी जरा जोरात लावीत. सर आम्हाला गणित शिकवीत, पण गुरुवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर कॉयरचा, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनागीते गाणाऱ्या वृंदाचा, सरावही तेच घेत.

मी ख्रिस्ती घरातला नव्हे. वडिलांची शाहूपुरीत गुळाची अडत होती आणि कान देवल क्लबच्या मैफलींवर तयार झालेला. ज्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब दरबारगायक होते, तिथल्या रसिकाला चौघांनी एकाच वेळी चार निरनिराळे स्वर लावणे पटणे अवघडच होते. “चौघं चार वाटांनी निघालेत, पोचणार कधी?” असे ते मला विचारत. परवानगी मागायला सर स्वतः घरी आले, चहा घेतला, गुळाच्या दराची चौकशी केली आणि म्हणाले, “मुलाचा आवाज मला हवा आहे. त्याच्या देवाधर्माचं मी काही बोलणार नाही.” हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. सरावाआधी ते चार ओळींची प्रार्थना करीत, तेव्हा आम्ही तिघे-चौघे नुसते उभे राहत असू, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे.

सर फळ्यावर सोल-फा लिपीत लिहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी रूढ केलेली ही लिपी सारेगम येणाऱ्याला परकी वाटत नाही, कारण षड्ज कुठेही धरला तरी अक्षरे तीच राहतात. स्वर लांबवायचा असेल तिथे आडवी रेघ असते आणि थांबायचे असेल तिथे काहीच नसते, नुसती मोकळी जागा. ही मोकळी जागा पुढे मला चांगलीच महागात पडली.

‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातील कित्येक गीते पाश्चात्त्य चालींवर बसवलेली आहेत. त्यांत ‘प्रभु’मधला ऱ्हस्व ‘भु’ जिथे ताणला जाई, तिथे सरांच्या कपाळाला आठी पडे. “चाल त्यांची असली तरी भाषा आपली आहे,” असे म्हणून ते त्या अक्षरावर आवाज हलका करायला लावीत, आणि एकेका शब्दावर अर्धा अर्धा तास घालवीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची रचना निघाली की मात्र ते पायपेटी मिटून तबला मागवीत. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले नसते, तर माझ्यासारख्याला कॉयर कितपत आपला वाटला असता याची मला शंका आहे. सराव संपल्यावर स्टेशन रोडने परतताना सर जुन्या गोष्टी सांगत. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या; त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच जन्मला. मोठेपणी रॉबर्टने अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांत नाव काढले, पण सरांची गोष्ट तिथवर जात नसे. ती शाळांपाशीच रेंगाळे.

नववीत माझा आवाज फुटला. सरांनी मला काढले नाही. वर्षभर पाने उलटण्याचे आणि पाटीवर गीतांचे क्रमांक लावण्याचे काम दिले आणि मग बेसमध्ये, म्हणजे खर्जातल्या पुरुषी आवाजांत, उभे केले. दहावीच्या नाताळात, म्हणजे १९७७ साली, हँडल या पाश्चात्त्य संगीतकाराचा ‘हालेलुया’ बसवला होता. १७४२ साली डब्लिनमध्ये प्रथम गायल्या गेलेल्या त्या रचनेत शेवटच्या हालेलुयाआधी सगळे एकदम थांबतात. सगळे थांबले, मी थांबलो नाही. माझा एकट्याचा ‘हा’ छतापर्यंत जाऊन परत आला. मागच्या बाकावर वडील बसले होते. त्या एका वर्षी ते ऐकायला आले होते.

सरांनी मागे वळून पाहिले नाही आणि नंतर चौकशीही केली नाही. वडील घरी जाताना एवढेच म्हणाले, “तुझा आवाज तेवढा ओळखू आला.”

पुढच्या वर्षी मी कॉलेजात गेलो, तरी नाताळासाठी सरांनी बोलावून घेतले. सायक्लोस्टाईल केलेले कागद वाटले गेले. माझ्या कागदावर त्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘श्वास’. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग शेजारच्याच्या कागदाकडे नजर गेली, तिथेही तेच होते. आल्टोतल्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या, मुलींच्या कागदांवरही होते. बावीस कागद होते, आणि बावीसही सरांनी आदल्या रात्री हाताने लिहिले होते.