सड्यावरचा तपकिरी ढेकूण, आणि त्याचं पोट

पाऊस सरला की आमच्या गोव्यातल्या पेडण्याकडच्या सड्यावरचं (जांभ्याच्या सपाट पठारावरचं) गवत वाळून पिवळं पडतं, मग जांभ्याचा एखादा दगड उचला, खालून तपकिरी-काळे बारके किडे, बहुतेक रायपॅरोक्रोमिडी ह्या बिया खाणाऱ्या ढेकणांच्या कुळातले, सैरावैरा पळत सुटतात आणि कोणीतरी लगेच पाठीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतं, "जात कुठली?" त्यावर अर्ध्या मिनिटात जात सांगणारेही असतात, त्यांचं मला कौतुकच वाटतं!

पुढच्या पायांच्या मांड्या फुगलेल्या, खालून काटे, त्यामुळे बरेच जण ह्याला शिकारी ढेकूण समजतात. तर सोंड बघा. शिकारी ढेकणाची सोंड आखूड, बाकदार आणि तीन पेरांची दिसते, ह्याची सरळ, चार पेरांची, एरवी अंगाखाली दुमडलेली. मांड्या पैलवानाच्या पण जेवण शाकाहारी, म्हणजे खाली पडलेल्या बियांमध्ये सोंड खुपसायची, लाळ सोडायची आणि आतलं ओढून घ्यायचं. (काही थोडे प्रकार रक्त पितात, ते वेगळं प्रकरण.)

दुसरी गोची पंखांची. जमिनीवर राहणाऱ्या ह्या ढेकणांत पुष्कळदा मोठ्या झालेल्यांचे पंखही आखूडच असतात, मग लोक पिल्लू म्हणून सोडून देतात. पायाचा शेवटचा भाग भिंगाखाली बघायचा, दोन पेरं असली तर पिल्लू, तीन असली तर मोठा झालेला.

आता पोट. किडा पारदर्शक डबीत घालून डबी उलटी करा आणि पोटाच्या खालच्या बाजूचा फोटो काढा. पोटाच्या चौथ्या आणि पाचव्या खंडामधली शिवण बाजूला जाताना पुढे वळून कडेपर्यंत पोचायच्या आधीच संपली, तर बहुतेक रायपॅरोक्रोमिडी. आधी ही सगळी मंडळी लायगेइडी ह्या एकाच मोठ्या कुळात कोंबलेली होती, 1997 साली थॉमस हेन्री ह्या कीटकतज्ज्ञाने ते कुळ फोडून वेगवेगळी कुळं केली, म्हणून जुन्या पुस्तकात नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

पुढे जातीपर्यंत जायचं तर बऱ्याचदा नराचे जननेंद्रिय मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं, तिथे मोबाईल कितीही महागडा असूदे, उपयोग नाही. फोटोसोबत महिना, जागा आणि आजूबाजूला कसलं बी पडलंय एवढं लिहिलंत तरी बघणाऱ्याचं काम हलकं होतं.

आणि हो, दगड हाताने नको, काठीने उलटा, विंचवालाही तीच जागा आवडते.