नळ नसलेल्या घरांपर्यंत पाण्याची सूचना पोहोचवताना

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, नवाहो राष्ट्राच्या म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशाच्या हद्दीत, चिन्ली गावाच्या उत्तरेला एका शाळेची पाणीयोजना मी सांभाळतो. एक बोअर, एक उंच टाकी, क्लोरीनचा पंप, आणि त्यावर चालणारी शाळा, वसतिगृह व शिक्षकांची घरे. बायको इथे विज्ञान शिकवायला आली आणि मी तिच्याबरोबर आलो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात काम केले होते, म्हणून ऑपरेटरची परीक्षा देऊन ही जबाबदारी घेतली. ऑगस्टमध्ये शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि इथला पावसाळा जोरात होता. त्याच सुमारास आमच्या पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू सापडला. त्यानंतर लोकांना कळवण्याची जी प्रक्रिया करावी लागली ती इथे लिहितो आहे, कारण त्यातला एक भाग कुठल्याच नियमावलीत मला असा शिकायला मिळाला नव्हता.

आधी इथे पाण्यावर अधिकार कुणाचा ते सांगायला हवे. अमेरिकेचा पिण्याच्या पाण्याचा केंद्रीय कायदा १९७४ चा. १९८६ च्या दुरुस्तीने आदिवासी राष्ट्रांना या कायद्यापुरते राज्यांच्या बरोबरीने वागवण्याची सोय झाली. म्हणजे एखाद्या राष्ट्राने स्वतःचे नियम केंद्राइतके कडक केले, तपासणीची माणसे उभी केली, की सार्वजनिक पाणीयोजनांवर देखरेख करण्याचा अधिकार त्याला मिळू शकतो. नवाहो राष्ट्राने तो डिसेंबर २००० मध्ये मिळवला, आणि असा अधिकार असलेले ते एकमेव आदिवासी राष्ट्र आहे. बाकीच्या आदिवासी भागांत हे काम केंद्राची पर्यावरण संस्था, ईपीए, स्वतः करते. हा अधिकार नसता तर आमची विचारणा हजार किलोमीटरहून दूर सॅन फ्रान्सिस्कोच्या विभागीय कार्यालयाकडे गेली असती. तसे होत नाही. आम्ही फोन करतो तो नवाहो राष्ट्राच्या स्वतःच्या पर्यावरण संस्थेला.

पाणी किती मिळणार, हा वेगळा आणि जास्त कडू प्रश्न आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की १८६८ च्या तहानुसार नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलणे सरकारवर बंधनकारक नाही. मला तो निकाल अन्यायाचा वाटतो. म्हणूनच, जे पाणी हातात आहे ते पिण्याजोगे आहे की नाही हे ठरवण्याचा आणि लोकांना सांगण्याचा अधिकार या लोकांकडे असणे मला फार मोलाचे वाटते.

नेहमीच्या मासिक नमुन्यात कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जंतूंचा मोठा गट) आणि ई. कोलाय दोन्ही निघाले. असा निकाल आला की त्याच दिवशी देखरेख करणाऱ्या संस्थेला कळवावे लागते. चोवीस तासांत किमान तीन फेरनमुने घ्यायचे असतात: एक त्याच नळाचा, एक वरच्या बाजूचा, एक खालच्या बाजूचा. शिवाय थेट बोअरचा एक. शंभर मिलिलिटरच्या निर्जंतुक बाटल्या, आत क्लोरीन मारणारी चिमूटभर पूड, बर्फाच्या डब्यात ठेवून तीस तासांच्या आत तपासणी सुरू व्हायला हवी. प्रयोगशाळा लांब आहे, रस्ते पावसाने धुतलेले, पण ते जमले. बोअर स्वच्छ निघाला. एका फेरनमुन्यात मात्र पुन्हा कोलिफॉर्म आले, आणि पहिला ई. कोलाय नि हा निकाल मिळून कमाल मर्यादेचा भंग ठरला.

इथून पुढे सूचनेचा नियम लागू होतो. सूचनांचे तीन स्तर आहेत. पहिला स्तर तातडीच्या धोक्याचा, चोवीस तासांत सगळ्यांना कळलेच पाहिजे, आणि त्याच चोवीस तासांत देखरेख करणाऱ्या संस्थेशी बोलणेही सक्तीचे. दुसऱ्या स्तराला तीस दिवस, तिसऱ्याला एक वर्ष. ई. कोलायचा भंग पहिल्या स्तरात बसतो. सूचनेत दहा गोष्टी असाव्याच लागतात. काय झाले, कधी झाले, आरोग्याला काय धोका, कुणाला जास्त, दुसरे पाणी कुठे, लोकांनी काय करायचे, योजना काय करते आहे, कधी सुधारेल, कुणाला फोन करायचा, आणि ही सूचना इतरांनाही सांगा असे ठरावीक शब्दांतले वाक्य. सूचनेच्या मजकुराचा नमुना तयार असतो, गाळलेल्या जागा भरायच्या.

मी त्या भरल्या आणि मसुदा पाठवला. संस्थेच्या बाईंचा लगेच फोन आला. त्या याच भागातल्या, बोलताना इंग्रजीतून नवाहोत आणि परत इंग्रजीत सहज जाणाऱ्या. त्यांनी विचारले, "आवाराबाहेरच्या नळावरून पाणी कोण नेतं?"

हाच तो भाग. नवाहो राष्ट्र महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून मोठे आहे आणि तिथल्या साधारण तीस टक्के घरांत नळ नाही. लोक पिकअपच्या मागे पिंपे आणि प्लास्टिकच्या टाक्या घालून पाणी आणतात. आमच्या कुंपणाबाहेर असा एक नळ आहे. त्यावर भरणारी माणसे आमच्या जोडण्यांच्या यादीत नाहीत. वसतिगृहात, वर्गांत, शिक्षकांच्या दारात कागद लावून कायद्याचा मोठा भाग पुरा झाला असता, पण ज्या आजीच्या घरी आठवडाभराचे पाणी आधीच भरून ठेवलेले आहे तिला काहीच कळले नसते. भरून ठेवलेल्या त्या पाण्याविषयीही सांगायला हवे होते.

संस्थेच्या बाई पुढे जे म्हणाल्या त्याने मसुदाच बदलला. नुसते "हे पाणी पिऊ नका" म्हटले तर लोक दुसरीकडे जातील. दुसरीकडे म्हणजे जवळच्या पवनचक्कीवर, जिथे गुरांसाठी पाणी काढतात. अशा विहिरींवर माणसांच्या पिण्याच्या दृष्टीने नियमित तपासणी नसते, आणि त्यांपैकी काहींत युरेनियम आणि आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त आढळलेले आहे. या राष्ट्राच्या जमिनीवर युरेनियमच्या पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी आहेत. जुलै १९७९ मध्ये न्यू मेक्सिकोत चर्चरॉकला युरेनियम गिरणीचा बंधारा फुटून सुमारे नऊ कोटी गॅलन किरणोत्सारी सांडपाणी पुएर्को नदीत गेले, आणि त्या पाण्यावर गुरे नि शेती असलेल्या लोकांना धोका लगेच कळला नाही. इथल्या घराघरांत ही आठवण आहे. त्यामुळे पाणी खराब म्हटले की पहिली शंका युरेनियमची येते.

म्हणून सूचनेत आम्ही दोन गोष्टी ठळक लिहिल्या. हा दोष जंतूंचा आहे, त्यामुळे उकळले की हे पाणी चालेल. आमची उंची पाच हजार फुटांच्या वर असल्याने पाणी खळखळून तीन मिनिटे उकळायचे. आणि पवनचक्कीचे पाणी पिऊ नका, कारण उकळल्याने युरेनियम किंवा आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. नमुन्यातल्या गाळलेल्या जागांत यातले दुसरे वाक्य कुठेच बसत नव्हते. ते बाईंनी सुचवले आणि मी घातले. बाटलीबंद पाणी कुठे मिळेल तेही नकाशासारखे नाही, तर इथे लोक रस्ता सांगतात तसे लिहिले, अमुक वळणानंतर, अमुक दुकानापाशी.

महाराष्ट्रात असताना धोक्याच्या स्रोताबद्दल ग्रामपंचायतीला लाल कार्ड जायचे. वरच्या पाड्यावर मात्र दवंडी पिटल्याशिवाय काही कळायचे नाही. इथे दवंडीचे काम रेडिओ करतो. विंडो रॉकचे केटीएनएन, एएम ६६०, ५० हजार वॉटचे केंद्र, नवाहोत बोलते. पिकअपमध्ये, मेंढ्यांमागे, स्वयंपाकघरात ते चालू असते. मोठ्या संख्येने लोक इंग्रजी बोलत नसतील तर सूचना त्यांच्या भाषेत द्यावी, असे नियमच सांगतो. संस्थेच्या बाईंनी नवाहो मजकूर स्वतः तपासला, आणि तो संध्याकाळी आणि पहाटे वाचला गेला. कागद चॅप्टर हाऊसवर लागला. चॅप्टर म्हणजे इथली स्थानिक सभा, अशा ११० आहेत, आणि तिच्या इमारतीत सगळ्यांचे येणे-जाणे असते. पोस्ट, पेट्रोल पंप, कपडे धुण्याचे दुकान, बसचे चालक, सगळ्यांकडे प्रती दिल्या. बाहेरच्या नळावर मी स्वतः उभा राहिलो. पिंपे घेऊन आलेल्या एका वृद्ध बाई मला म्हणाल्या, "रेडिओवर ऐकलं, तरी विचारायला आले. मेंढ्यांना चालेल ना?" मेंढ्यांसाठी भरायला हरकत नव्हती. घरात आधी भरून ठेवलेले पाणी मात्र उकळा किंवा ओतून टाका, असे सांगितले.

दुरुस्तीची गोष्ट थोडक्यात. मर्यादाभंगानंतर तीस दिवसांत सविस्तर तपासणी करावी लागते, तीही संस्थेने मान्य केलेल्या माणसाकडून. टाकीच्या हवेच्या नळीवरची जाळी फाटली होती, आत पिसे आणि काडीकचरा सापडला. जाळी बदलली, टाकी धुऊन जादा क्लोरीन देऊन निर्जंतुक केली, सगळ्या नळ्या खळखळून सोडल्या. मग सलग स्वच्छ नमुने आल्यावर संस्थेने उकळण्याची सूचना मागे घेण्यास संमती दिली. मागे घेतल्याचेही त्याच वाटांनी सांगितले, रेडिओवर, चॅप्टरमध्ये, नळावर. हे सांगणे उरकून टाकण्याची सवय मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. पण पाणी पुन्हा चांगले झाल्याचे कळले नाही तर लोक पवनचक्कीवरच राहतात.

शेवटी दहा दिवसांच्या मुदतीत दाखला पाठवायचा असतो, सूचना नियमाप्रमाणे दिली असा, तिच्या प्रतीसह. आमच्या दाखल्यात बाहेरच्या नळाचा उल्लेख वेगळा केला. त्यानंतर चॅप्टरच्या सभेत विनंती केली, की या नळावरून पाणी नेणाऱ्या कुटुंबांची यादी त्यांनी ठेवावी, कोण कुठल्या वळणावर राहते एवढी तरी. सभेने ती मान्य केली. नाव द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि वही चॅप्टरकडेच राहील, शाळेकडे नाही, अशी अट घालून. अट योग्य आहे. पुढच्या वर्षीचा पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल १ जुलैपर्यंत द्यायचा आहे, त्यात हा भंग नोंदवावा लागेल, आणि त्याची पहिली प्रत त्या वहीतल्या घरांना जाईल.