तोंड नसलेले पात्र

कलाकार चित्रातल्या पात्रात काय रेखाटतो यापेक्षा काय गाळतो, याकडे माझे लक्ष आधी जाते. १९७४ साली सान्रिओ या जपानी कंपनीसाठी युको शिमिझू यांनी रेखाटलेल्या हॅलो किटीला तोंडच नाही; त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनातला भावच तिच्या चेहऱ्यावर उमटल्यासारखा वाटतो. कॉज या अमेरिकी कलाकाराने १९९९ मध्ये व्हायनिल या प्लास्टिकच्या खेळण्याच्या रूपात आणलेल्या ‘कम्पॅनियन’ या पात्राच्या डोळ्यांच्या जागी तर नुसत्या फुल्या आहेत, आणि तरीही दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसलेली त्याची आकृती पाहिली की तिचे ओशाळलेपण लपत नाही. (डोळे मोठे करून पात्र गोड करण्याचा सोपा मार्ग मला फारसा रुचत नाही.) मी स्वतः आकृती आधी पूर्ण काळी भरून पाहतो, नुसत्या बाह्यरेषेवरून ती ओळखू आली नाही, तर रंगांच्या भानगडीत पडत नाही.