नववा दिवस आणि ताकाची बाटली

बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमध्ये दिवस वेगळे मोजतात. दात्याच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) चढवल्या तो शून्यावा दिवस. त्या सकाळी चार नंबरच्या खोलीतल्या तरुण मुलाचा नववा दिवस होता. पांढऱ्या पेशी १०० च्याही खाली, तोंडात फोड, २४ तासांत ७४० मिली जुलाब. नवी मुंबईतल्या या युनिटची आहारतज्ज्ञ म्हणून राउंडला निघाले, तर त्याची आई बाहेर उभी. ऐरोलीहून पनवेल लोकल पकडून आलेल्या, हातात ताकाची बाटली.

"मॅडम, एवढी अँटिबायोटिक्स चाललीत, चांगले जंतूही मरत असतील. घोटभर तरी पिऊ दे."

काकूंचा अंदाज अचूक होता, उपाय मात्र धोक्याचा. ट्रान्सप्लांटआधीच्या केमोने आतड्याचं अस्तर सोललं जातं. घरच्या विरजणातले जिवंत जंतू तिथून थेट रक्तात शिरू शकतात आणि त्यांना अडवायला पांढऱ्या पेशी नसतात. शिवाय दुधातली साखर, लॅक्टोज, एन्टेरोकोकस नावाच्या जंतूला पोसते. अँटिबायोटिक्सनी बाकीची गर्दी हटवली की हा आतड्यात जागा बळकावतो. २०२० साली न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबुर्ग आणि साप्पोरो इथल्या १,३६२ रुग्णांचे निष्कर्ष आले: पेशी रुजण्याच्या सुमारास आतड्यातल्या जंतूंची विविधता जितकी कमी, तितके मृत्यू जास्त. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालंय असं नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

तापामुळे पाचव्या दिवसापासून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक सुरू होतं. ते ऑक्सिजनविना जगणाऱ्या जंतूंनाही मारतं, आणि अन्नातल्या तंतूंपासून (फायबर) ब्युटिरेट हे आम्ल बनवून अस्तराला खाऊ घालणारे जंतू हेच. औषध बंद करणं शक्य नव्हतं. पेशी नसताना उपचारांविना ताप काही तासांत जीव घेऊ शकतो. कल्चर स्वच्छ (म्हणजे जंतू वाढले नाहीत), अँटिबायोटिक्सनंतर जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची तपासणी निगेटिव्ह आणि पोट मऊ, हे पाहूनच डॉक्टरांनी त्याऐवजी या जंतूंना बहुतांशी सोडून देणारं सेफेपिम लावलं. आतड्याला सूज असती तर हा बदल अंगाशी आला असता. स्टेरॉइड मात्र लगेच दिलं नाही. ते जीव्हीएचडीवर देतात, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात तेव्हा. मोठ्या माणसांत दिवसाला ५०० ते ९९९ मिली जुलाब त्याच्या पहिल्या पायरीत बसतात खरे, पण पेशी रुजण्याआधी बहुधा केमोचाच त्रास असतो.

शिरेतून पोषण द्यायचा विचार पुढे आला तेव्हा मी दोन दिवस मागून घेतले. तोंडातून काहीच गेलं नाही तर उरलेसुरले जंतूही उपाशी. दर दोन तासांनी १०० मिली: तांदळाची मिठाची पेज, गाळलेलं मूगडाळीचं पाणी, साल काढून शिजवलेल्या सफरचंदाचा लगदा. सफरचंदातलं पेक्टिन विरघळणारं, फोडांना टोचत नाही. दूध नाही, कच्ची कोथिंबीर नाही.

अकराव्या दिवशी घोळ झालाच. सकाळची पेज थर्मासमध्ये दुपारपर्यंत कोमट राहिलेली सापडली. भातातल्या बॅसिलस सिरियसचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि कोमट पेज म्हणजे त्यांना मेजवानी. ती ओतून दिली. काकू काहीच बोलल्या नाहीत.

बाराव्या दिवशी जुलाब ४०० मिलीवर आले, शिरेतलं पोषण टळलं. श्रेय कशाला द्यायचं, सेफेपिमला, पेजेला की नुसत्या दिवसांना, हे एका रुग्णावरून ठरत नाही.

सतराव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या वर गेले. थर्मास खोलीत नव्हता. स्टीलच्या डब्यावर चिकटपट्टी होती, तिच्यावर काकूंच्या अक्षरात: "पेज, ११.२०".